खटका : स्नेअर ड्रमच्या तारा जोडण्या-सोडण्याची यंत्रणा

लग्नाच्या वरातीत गळ्यात अडकवून वाजवला जाणारा साइड ड्रम आपण सर्वांनी ऐकलेला आहे. शाळेच्या संचलनात, पोलिसांच्या बँडमध्ये, सिनेसंगीताच्या ध्वनिमुद्रणात आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदात हेच वाद्य थोड्याफार फरकाने भेटते. जगभर त्याला स्नेअर ड्रम म्हणतात. त्याच्या 'तर्र' अशा कोरड्या, खरखरीत आवाजाचा उगम वरच्या पानावर पडणाऱ्या काठीपेक्षा खालच्या पानाला टेकलेल्या तारांमध्ये जास्त आहे. या तारा पानाला टेकवणारा आणि पानापासून दूर करणारा एक लहानसा दांडा ड्रमच्या कडेला असतो. इंग्रजीत त्या यंत्रणेला थ्रो-ऑफ म्हणतात, काही जण स्ट्रेनर म्हणतात. मी या लेखात तिला खटका म्हणणार आहे. पत्र्याच्या ट्रंकेला असतो तो खटका वाचकाने डोळ्यांसमोर आणला, तर पुढचे बरेचसे समजायला सोपे जाईल.

मी संगीतशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम करून कारखान्यात नोकरी केली. मित्रांच्या बँडमधली वाद्ये दुरुस्त करता करता जुने खटके माझ्याकडे जमत गेले. ते उघडून, मापे घेऊन, जुन्या कॅटलॉगांतल्या चित्रांशी आणि पेटंटांच्या आराखड्यांशी ताडून पाहण्याचा नाद गेली वीस वर्षे आहे. या सगळ्या खटपटीत एक प्रश्न सारखा समोर येत राहिला. तारा लावायच्या आणि सोडायच्या, एवढेच काम असेल तर त्यासाठी शंभर वर्षांत इतकी निरनिराळी यंत्रे का निघाली? दाराच्या कडीची इतकी रूपे काही झाली नाहीत.

माझे उत्तर असे आहे. खटका एक काम करतो असे दिसते, प्रत्यक्षात तो दोन कामे करतो. तारांना किती ताण द्यायचा, हे एक काम. त्या पानाला किती जवळ आणायच्या, हे दुसरे. ताण आणि स्पर्श या दोन गोष्टी एकाच दांड्याने सांभाळायच्या की वेगळ्या करायच्या, यावर कारागिरांचे कधी एकमत झाले नाही. खटक्यांचे सारे प्रकार या एका वादाच्या उजेडात पाहिले की ते ओळीत उभे राहतात.

तारा नेमके काय करतात

आजच्या नेहमीच्या स्नेअर ड्रमचा व्यास १४ इंच असतो. वर एक पान, खाली एक पान, मध्ये लाकडाचे किंवा धातूचे खोड. वरचे पान मार खाणारे, म्हणून जाड. साधारण पाव मिलिमीटर. खालचे पान फार पातळ, बहुधा ०.०७५ मिलिमीटरच्या आसपास. या पातळ पानावरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तारांचा पट्टा ताणलेला असतो. पट्ट्यात बहुधा २० तारा असतात आणि प्रत्येक तार स्प्रिंगसारखी वेटोळी घातलेली असते. तारा पानावर सपाट बसाव्यात म्हणून खोडाच्या खालच्या काठाला समोरासमोर दोन ठिकाणी किंचित खोलगट बैठक घासलेली असते. पट्ट्याचे एक टोक बट प्लेट नावाच्या पकडीत घट्ट धरलेले, दुसरे टोक दोरीने किंवा प्लास्टिकच्या फितीने खटक्याला बांधलेले.

वरच्या पानावर काठी पडली की आतली हवा दाबली जाते आणि खालचे पान हलते. पान तारांना ढकलते, तारा क्षणभर पानापासून सुटतात आणि परत येऊन त्यावर आपटतात. ही असंख्य बारीक आपटणी म्हणजे तो खरखरीत आवाज. थॉमस रॉसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली : तारा बोलण्यासाठी त्या कंपनाच्या ओघात पानापासून सुटाव्या लागतात. म्हणजे ताण फार झाला तर तारा पानाला चिकटून बसतात आणि हलक्या आघाताला बोलत नाहीत. ताण कमी पडला तर त्या उशिरा परततात आणि आवाज फिस्कटतो. या दोहोंच्या मध्ये जो अरुंद पट्टा आहे, तिथे वादकाला तारा ठेवायच्या असतात.

मराठी वाचकाला हे तत्त्व परके वाटू नये. मिरजेच्या तंबोऱ्यांची जवारी याच जातीची आहे. तिथे तार घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पृष्ठभागाला शिवते आणि सुटते, आणि त्या शिवण्या-सुटण्यातून स्वर गुंजत राहतो. तारेखालचा दोरा केसभर सरकवला की जवारी उघडते किंवा मिटते. तो दोरा जे काम तंबोऱ्यात करतो, त्याच्याशी खटक्याचा स्क्रू फार जवळचे नाते सांगतो. फरक एवढाच की, तंबोरा वाजवणाऱ्याला मैफिलीच्या मध्येच जवारी बंद करून पुन्हा उघडायची नसते. ड्रमरला ते करावे लागते.

बंद करण्याची गरज

स्नेअरच्या तारा स्वतःहून गप्प बसत नाहीत. शेजारी टॉम-टॉम वाजला, तुतारीने एखादा स्वर धरला, बास गिटारची जाड तार छेडली, तरी त्या थरथरू लागतात. वाद्यवृंदात इतर वाद्ये हळुवार वाजत असताना मागे कुठेतरी स्नेअर कुजबुजत असेल, तर सगळा परिणाम बिघडतो. म्हणून ज्या भागात स्नेअरला विश्रांती आहे तिथे वादक तारा सोडून ठेवतो आणि आपली पाळी येण्याआधी पुन्हा लावतो. लावतानाही आवाज होऊ द्यायचा नसतो. अनुभवी वादक एक तर वाद्यवृंद मोठ्याने वाजत असण्याची संधी साधतो, नाहीतर खालच्या पानाला बोटे लावून दांडा हळूहळू वर नेतो. मांडीवर झोपलेल्या मुलाला गादीवर ठेवावे तसे हे काम असते.

दुसरी गरज अधिक सर्जनशील आहे. तारा सोडल्या की तोच ड्रम वेगळे वाद्य होतो : पोकळ, गोलसर, टॉम-टॉमच्या जवळ जाणारा. बेला बार्तोकने हे नेमके ओळखले होते. १९४३ साली लिहिलेल्या आणि डिसेंबर १९४४ मध्ये बोस्टनला प्रथम सादर झालेल्या त्याच्या 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा'चा दुसरा भाग सुरू होतो तो एकट्या साइड ड्रमने, आणि तारा सोडून वाजवावा अशी त्यावर स्पष्ट सूचना आहे. ड्रम तोच, काठ्या त्याच. खटक्याची स्थिती इथे रचनेचा भाग झाली आहे.

त्याआधी दोन पियानो आणि तालवाद्यांसाठी लिहिलेल्या सोनाटात बार्तोकने दुसरी वाट घेतली होती. त्यात तारांचा एक आणि तारांविना एक असे दोन स्वतंत्र ड्रम त्याने मागितले. तिथे खटक्याचा प्रश्नच येत नाही. ही रचना १६ जानेवारी १९३८ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पहिल्यांदा वाजली. योगायोग असा की, त्याच तारखेला न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या जॅझ वाद्यवृंदाची प्रसिद्ध मैफल झाली आणि तिच्यात जीन क्रुपाने 'सिंग, सिंग, सिंग'मध्ये टॉम-टॉम घुमवले. बाझलमध्ये दोन आवाजांसाठी दोन ड्रम ठेवता आले. जॅझमधल्या ड्रमरपुढे बास ड्रम, टॉम-टॉम, झांजा आणि एकच स्नेअर असा संसार असतो. एकट्या माणसाला अनेकांचे काम करायचे असले की लहानशा दांड्याचे मोल वाढते. खटक्यांतल्या सुधारणांचा मोठा भाग याच वादकांच्या गरजेतून आला, असे माझे मत आहे.

पहिले कुळ : एका बाजूने सुटणारा खटका

सर्वांत साधा आणि आजही सर्वांत जास्त चालणारा प्रकार हा. बट प्लेटकडचे टोक हलत नाही. खटक्याकडचे टोक दांडा वर केला की ताणले जाते, खाली पाडला की सैल पडते आणि तारा आपल्या वजनाने लोंबतात. शिकागोच्या लुडविग कंपनीचा पी-८५ हा या कुळाचा जगभर पसरलेला नमुना. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो सुप्राफोनिक आणि अ‍ॅक्रोलाइट या धातूच्या ड्रमवर येऊ लागला. त्याचे भाग मोजके : एक साचा, एक दांडा, तारांची दोरी धरणारा सरकता तुकडा आणि ताण कमी-जास्त करणारा, नर्लिंग केलेला स्क्रू. बिघडण्यासारखे थोडे आणि बदलायला सोपे.

या कुळातले बरेच खटके ट्रंकेच्या खटक्याच्या तत्त्वावर जागेवर राहतात. दांडा मधल्या बिंदूच्या किंचित पलीकडे गेला की ताणलेल्या तारा त्याला उघडण्याऐवजी आणखी घट्ट बसवतात. बाकीचे निव्वळ घर्षणाच्या किंवा स्प्रिंगच्या जोरावर टिकतात. घर्षणावरच्या खटक्याची भोके कालांतराने झिजतात आणि जोरात वाजवताना दांडा आपोआप खाली सरकू लागतो. अशा वेळी नवा खटका घेण्याआधी पिळाचा स्क्रू आवळून, गरज पडल्यास एक पातळ वॉशर घालून पाहावा. बऱ्याचदा तेवढ्याने काम भागते.

या कुळाची खरी मर्यादा झिजेची नाही, तत्त्वाची आहे. इथे ताण आणि स्पर्श एकच होऊन बसतात. तारा पानाच्या जवळ आणायच्या तर ताणाव्याच लागतात, आणि ताणल्या की पानावर दाब येतोच. शिवाय सोडताना पट्टा एका बाजूने लोंबतो आणि बट प्लेटकडचे टोक पानाच्या जवळच राहते. तिथे थोडी कुजबुज शिल्लक राहू शकते.

शिकागोच्याच स्लिंगरलँड कंपनीने १९३० च्या दशकातल्या रेडिओ किंग ड्रममध्ये वेगळा मार्ग शोधला. क्रुपाचे नाव जोडले गेले ते याच ड्रमशी. त्यात तारा खोडाच्या काठाबाहेर नेऊन तिथल्या आधारांवर टेकवल्या होत्या. त्यामुळे पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारेचा स्पर्श पुरा मिळतो. सुटण्याची रीत मात्र पुष्कळशी जुन्या घरचीच राहिली.

दुसरे कुळ : समांतर उचलणारा खटका

पट्टा एका बाजूने लोंबत असेल, तर दोन्ही बाजूंनी एकदम खाली का उतरवू नये? लुडविगच्या सुपर-सेन्सिटिव्ह या ड्रममध्ये हेच केले आहे. दोन्ही टोकांना यंत्रणा आहे आणि खोडाच्या आतून जाणारी सळई त्यांना जोडते. एका बाजूचा दांडा पाडला की दुसरी बाजूही त्याच वेळी उतरते. तारा ताणलेल्याच राहतात. त्या पानाला समांतर राहून खाली सरकतात. इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीचा २००० क्रमांकाचा ड्रमही याच कुळातला.

या रचनेत ताणाचा स्क्रू आणि उंचीचा स्क्रू वेगळे झाले. वादकाने तारांना हवा तेवढा ताण द्यावा आणि मग त्या पानाला फक्त शिवतील इतक्याच वर आणाव्यात, हे पहिल्यांदा सुटसुटीतपणे जमू लागले. याचा फायदा हळू वाजवताना कळतो. राव्हेलचे 'बोलेरो' १९२८ सालचे. त्यात स्नेअरवर दोन मात्राखंडांचा एकच ठेका १६९ वेळा येतो आणि त्याची सुरुवात जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात करायची असते. वादक काठ्या पानाच्या काठाजवळ नेतो, आघात अगदी पुसट असतो, तरीही प्रत्येक आघाताला तारांनी स्पष्ट उत्तर द्यायला हवे. इथे ताण थोडा जास्त झाला तर नुसती टकटक ऐकू येते.

समांतर खटक्याची किंमत त्याच्या गुंतागुंतीत मोजावी लागते. भाग जास्त, वजन जास्त, आणि दोन्ही टोकांची उंची जुळवण्याचे काम चिकाटीचे. एक टोक अर्धा मिलिमीटर वर राहिले तरी तारा तिरक्या बसतात. त्याला लागणारा तारांचा पट्टाही खास मापाचा असतो, बाजारात मिळेल तो चालत नाही. म्हणून असे ड्रम वाद्यवृंदात आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत रमले. रोज उचलून रस्त्यावर वाजवायच्या ड्रमाला ते परवडत नाहीत.

तिसरे कुळ : तारांना त्यांची स्वतःची चौकट

ताण आणि स्पर्श यांची फारकत सर्वांत स्पष्ट केली ती ओहायोच्या रॉजर्स कंपनीने, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या डायना-सोनिक ड्रममध्ये. यात तारा खोडाला बांधलेल्याच नाहीत. त्या धातूच्या एका अरुंद चौकटीवर ताणलेल्या आहेत, जशी सतारीची तार दांडीवर ताणलेली असते. ताणाचा सगळा भार चौकट सोसते. खटक्याने फक्त चौकट उचलून पानाला टेकवायची आणि पुन्हा खाली सोडायची. तारा कितीही घट्ट केल्या तरी त्यामुळे पानावरचा दाब आपोआप वाढत नाही.

फिटरच्या नजरेने पाहता मला ही रचना या साऱ्या इतिहासातली सर्वांत स्वच्छ वाटते. दोन कामे, दोन भाग, आणि कोणता स्क्रू काय करतो याबद्दल शंका नाही. तरीही हे कुळ फार वाढले नाही, आणि त्याचे कारणही त्या स्वच्छपणातच आहे. चौकट वाकली किंवा हरवली तर ड्रम पांगळा होतो, कारण तिची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. साध्या खटक्याची दोरी तुटली तर वादक बुटाच्या नाडीनेही वेळ मारून नेतो. चौकटीच्या ड्रमात अशी सोय नाही.

याच काळाच्या थोडे आधी पानांमध्येही बदल झाला होता. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी प्लास्टिकच्या मायलर फिल्मची पाने बाजारात आणली. त्याआधी पाने वासराच्या कातड्याची असत. आपल्याकडचे ढोलकीवाले जाणतात, दमट हवेत कातडे सैल पडते आणि उन्हात आवळते. अशा पानाखाली तारेचा स्पर्श आज बारकाईने जुळवावा आणि उद्या तो हरवावा, असे चाले. प्लास्टिकचे पान हवेला फारशी दाद देत नाही, त्यामुळे एकदा जुळवलेली उंची टिकू लागली. बारीक जुळणीचे खटके त्या काळात सार्थकी लागले, त्याला हेही एक कारण असावे असे मला वाटते.

साध्याकडे परत, पण आठवणीसह

गेल्या काही दशकांतले नवे खटके पाहिले तर बहुतेक पहिल्या कुळाकडेच परतलेले दिसतात. बदल त्यांच्या पोटात आहे. ट्रिक कंपनीच्या जीएस-००७ या खटक्यात एक कॅम आहे, म्हणजे मध्यापासून सरकवलेल्या अक्षावर फिरणारी चकती. तिच्यावर ठरावीक थांबे आहेत. दांडा पूर्ण वर नेला तर तारा घट्ट, एक टप्पा खाली आणला तर मध्यम, आणखी खाली तर सैल, आणि शेवटी बंद. जुळणी एकदाच करायची. नंतर गाण्याच्या मध्येच हात लावून एका जुळणीवरून दुसरीवर जाता येते आणि परत येताना तीच जागा हमखास सापडते. ड्रम वर्कशॉप कंपनीने हे थांबे पलीकडच्या बट प्लेटवर नेले आणि खटक्यात चुंबक बसवला. चुंबक दांडा जागेवर धरतो, म्हणून घर्षणाची झीज कमी होते आणि आवाजही कमी होतो.

इथे ताण आणि स्पर्श पुन्हा एकत्र बांधले गेले आहेत, पण वादकाला त्या जोडीच्या तीन चार आवृत्त्या हाताशी मिळाल्या. कारागिरांनी मूळ प्रश्न सोडवण्याऐवजी त्याची उत्तरे आधीच लिहून ठेवली, असे म्हणता येईल. रोजच्या वादकाला याचा उपयोग चौकटीपेक्षा जास्त होतो.

मग उत्तम खटका कोणता? हळुवार वाजवणाऱ्या वाद्यवृंदासाठी मी समांतर खटका निवडेन. स्टुडिओत दिवसभर आवाज बदलावे लागत असतील तर थांब्यांचा कॅम. रस्त्यावरच्या बँडसाठी निःसंशय साधा, एका बाजूचा खटका, कारण तो गल्लीतल्या कारागिराच्या हातून दुरुस्त होतो. कोणताही ड्रम विकत घेताना चार गोष्टी तपासाव्यात. तारा सोडून वरच्या पानावर टिचकी मारावी. खरखर पूर्ण थांबली पाहिजे. दांडा अगदी सावकाश वर न्यावा; टेकताना 'टक' होऊ नये. काठाजवळ हलकेच वाजवून तारा उत्तर देतात का ते ऐकावे. शेवटी मधोमध जोरात वाजवून दांडा जागचा हलत नाही ना ते पाहावे.

काय हरवते आहे

आपल्याकडच्या बँडमधले जे जुने साइड ड्रम माझ्या हातून गेले, त्यांतल्या अनेकांचा खटका मोडलेला होता आणि तारा सुतळीने कायमच्या बांधून टाकलेल्या होत्या. वरातीत तारा सोडायची वेळ येत नाही, म्हणून कोणाचे अडत नाही. पण त्या ड्रमाचा दुसरा आवाज गेलेला असतो. त्यावर शिकणाऱ्या मुलाला तो आवाज होता हेही कळत नाही. मी एकदा अशा ड्रमाला साधा खटका बसवून दिला. पंधरा वर्षांपासून तो ड्रम वाजवणारा माणूस तारा सोडून कितीतरी वेळ नुसता काठीने टकटक करत ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "हा तर दुसराच ड्रम आहे."

दुसरे नुकसान इतिहासाचे आहे. खोड शंभर वर्षे टिकते, पान आणि तारा बदलतच राहतात, आणि खटका ओतीव जस्ताचा असला तर तडकतो. दुरुस्तीला आलेल्या जुन्या ड्रमाचा सर्वांत आधी भंगारात जाणारा भाग तोच. नव्या खटक्याच्या भोकांचे अंतर जुळत नाही, म्हणून खोडाला दोन नवी भोके पडतात आणि मूळ यंत्रणा कशी बसत होती याचा शेवटचा पुरावाही बिघडतो. कॅटलॉगमधल्या चित्रात खटक्याचा आकार दिसतो. तो किती जोराने उचलावा लागे, कुठे अडखळे, टेकताना किती आवाज करी, हे चित्रात येत नाही. वादकाचा हात ज्या गोष्टीशी रोज बोलत होता, ती वस्तू हातात घेतल्याशिवाय समजत नाही.

म्हणून बँडवाल्यांना आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना माझे सांगणे साधे आहे. जुना खटका काढण्याआधी दोन भोकांमधले अंतर मोजून कागदावर लिहावे. शक्यतो त्याच अंतराचा नवा खटका शोधावा. नाहीच मिळाला तर खोडाला भोक पाडण्याऐवजी मध्ये लाकडाची किंवा पत्र्याची पट्टी घालून तो बसवावा. काढलेला खटका मोडका असला तरी त्याच्या स्क्रूंसह पिशवीत बांधून, ड्रमाचे नाव आणि काढल्याचे साल लिहून ठेवावा. एका पिशवीला फार जागा लागत नाही, आणि तो खटका पुढे कोणाला उघडून पाहायचा असेल तर त्याचे सगळे भाग त्याला एकत्र मिळतील.